चौफुलीवर वर झालेल्या हातांबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
मालवाहू रेल्वे विलीनीकरण मंडळ,
वॉशिंग्टन.

अर्जदार: श्रीमती आर्डिथ व्होलमर, रुळांच्या चौफुलीलगतचे शेत, ओपल जंक्शन, इलिनॉय.

विषय: माझा मुलगा लाइल याने रेल्वेप्रेमी मंडळाच्या नावाने दिलेले पाठिंब्याचे पत्र रद्द समजून आमचा विरोध नोंदवून घेणेबाबत.

संदर्भ: १) कंपनीच्या प्रस्तावातील जोडपत्र व फोटो, ज्यात आमचा उल्लेख “एकमुखी पाठिंबा” असा आहे. २) चौफुली राखण्याबाबतचा माझा उन्हाळ्यातील अर्ज, ज्यास आपले उत्तर नाही.

महोदय,

१. सर्वप्रथम मी माझ्या थोरल्या मुलाच्या वागणुकीबद्दल तक्रार नोंदवते. लाइल व्होलमर, शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजात नोकरी, साठी उलटलेली, अक्कल अजून वाटेत. दर शनिवारी माझ्या परसात जमणाऱ्या रेल्वेवेड्यांच्या मंडळाचा हा अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर टोपीवर तशी अक्षरे आहेत, आणि ती अक्षरे मीच शिवून दिली आहेत. त्या टोपीच्या जोरावर त्याने कुणालाही न विचारता कंपनीला लिहून दिले की दोन रेल्वे कंपन्या एक होण्यास आमच्या मंडळाचा एकमुखी पाठिंबा आहे. एकमुखी म्हणजे लाइलच्या एका मुखाचा, असे म्हणायचे असेल तर ते खरे आहे. बाकीच्या मुखांना विचारलेच नाही.

हा अर्ज मी स्वतः लिहीत आहे. माझे शिक्षण सहावीपर्यंत. पुढे आमच्या गाईंनी शिकू दिले नाही. तरी कुठे सरकारी भाषा मोडली असल्यास सांभाळून घ्यावे. अर्थ मात्र मोडून घेऊ नये.

२. आपण वॉशिंग्टनला बसता, म्हणून जागा सांगते. माझ्या मक्याच्या शेताच्या कोपऱ्यावर दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांना छेदून जातात. एकीची इंजिने हिरवी, ती पूर्वेकडून पश्चिमेला जाते. दुसरीची तांबडी, ती उत्तरेकडून दक्षिणेला. दोघींची नावे लांबलचक आहेत आणि आपल्या कागदांत ती आहेतच. आम्ही त्यांना हिरवी आणि तांबडी म्हणतो. या दोघी शंभर वर्षे शेजारणींसारख्या राहिल्या. एकमेकींशी बोलत नाहीत, पण एकीची गाडी आली की दुसरी सिग्नलला मुकाट उभी राहते. आता तांबडीने हिरवीला विकत घ्यायचे ठरवले आहे. म्हणजे हिरवी नांदायला जाणार, नाव बदलणार, रंग बदलणार. सोयरीक त्यांची, त्यात मी तोंड घालत नाही. पण एकदा घर एक झाले की दोन रस्ते कशाला, असे त्यांच्या प्रस्तावातच लिहिले आहे. गावाबाहेरून नवे वळण काढायचे, आमच्याकडचे दोन्ही रस्त्यांचे रूळ उचलायचे, आणि चौफुली उखडून टाकायची. तेवढ्या एका ओळीवर माझी हरकत आहे. बाकीची पाने मी पाहिलीसुद्धा नाहीत.

३. या चौफुलीवर येणारी माणसे कोण, हे आपणास कळणे जरुरीचे आहे, कारण कंपनीने त्यांना “स्थानिक हितसंबंधी” असे काहीतरी म्हटले आहे. ते हितसंबंधी नाहीत. ते वेडे आहेत. शनिवार उजाडला की घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि कॅमेरे घेऊन माझ्या परसात येऊन बसतात आणि मालगाडीची वाट पाहतात. गाडीत त्यांचे कुणी नसते. गाडीत कोळसा असतो, सोयाबीन असते, नाहीतर नुसत्याच रिकाम्या वाघिणी. तरी ती दिसली की यांचे चेहरे असे फुलतात की लग्नात यांच्या बायकांना तसे पाहायला मिळाले नसेल.

मी स्वतः रेल्वेवेडी नाही, हे ठळक अक्षरात नोंदवावे. मला सगळी इंजिने सारखीच दिसतात आणि सगळ्यांनी माझे धुतलेले कपडे काळे केले आहेत. माझा नवरा ऑरव्हिल याने या लोकांना पहिल्यांदा परसात बसू दिले. तो गेला, ते राहिले. त्यांना वेडे म्हणायचा हक्क माझा आहे, कारण त्यांची कॉफी मी करते. कंपनीने तो हक्क घ्यायचा नाही.

वेडे असले तरी त्यांचेही दोन पक्ष आहेत. गस प्रुइट हिरव्याचा, त्याची बायको डोलोरेस तांबड्याची. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी एका मोटारीतून येतात आणि दोन टोकांना बसतात. विलीनीकरणाची बातमी आली त्या शनिवारी गस म्हणाला, “संपलं. आता हिरवं इंजिन बघायचं तर म्युझियममध्ये जायचं.” डोलोरेस म्हणाली, “रडतोस काय? तुझी हिरवी आता माझ्या घरी येणार. मी नीट वागवीन तिला.” तो म्हणाला, “मला कसं वागवलंस ते बघितलंय मी.” सगळे हसले. पण त्या दिवशी डोलोरेसने त्याच्याशेजारी खुर्ची लावली. हे मी प्रथमच पाहिले. म्हणजे तांबड्यावाल्यांनाही आतून बरे वाटत नव्हते, हे मंडळाने ध्यानात घ्यावे. भांडायला समोर कुणी उरले नाही तर आपल्या बाजूला काय चव?

४. आता आमच्या दोन रीती सांगते. या अर्जाचा सगळा भार त्यांच्यावर आहे.

पहिली. गाडी चौफुलीवर आली की कुणी बोलायचे नाही. शेवटची वाघीण पार होईपर्यंत शिंकसुद्धा दाबायची. याचे कारण वेंडेल स्ट्रँड. वेंडेल पियानोचे सूर लावायचे काम करीत असे. पुढे त्याची दृष्टी गेली. तो गाड्या बघायला येत नाही, ऐकायला येतो. गुडघ्यावर रेकॉर्डर ठेवून बसतो आणि चाके चौफुलीवरून जाताना जो खडाडखट खडाडखट आवाज होतो, तो टिपून घेतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, थंडीतले रूळ, उन्हातले रूळ, प्रत्येकाचा आवाज निराळा, असे त्याचे म्हणणे. तो म्हणतो, “आर्डिथ, मला दिसत होतं तेव्हा मी फक्त इंजिन बघायचो. बाकीची गाडी मला आंधळा झाल्यावर भेटली.” त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणाची बडबड येऊ नये म्हणून आम्ही सगळे गप्प राहतो. मीसुद्धा. आणि मला गप्प बसवणे माझ्या सासूलाही जमले नव्हते.

दुसरी. इंजिन समोर आले की चालकाला हात करायचा. सगळ्यांनी, वेंडेलनेही. चालक उलट हॉर्न देतो. तेवढ्यासाठी म्हातारी माणसे आठवडा काढतात.

५. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तांबड्या कंपनीचे प्रतिनिधी म्हणून मि. ट्रेव्हर क्विल नावाचे गृहस्थ आले. पांढरे बूट घालून आले होते, शेतावर. डोनटचे खोके आणले होते. रुळांकडे पाठ करून उभे राहिले. त्याच वेळी मला कळले की या माणसाला आपण कुठे आलो आहोत ते ठाऊक नाही. आमच्याकडे रुळांकडे पाठ करून कुणी उभे राहत नाही, जसे जेवणाकडे पाठ करून कुणी बसत नाही.

त्यांनी बरेच सांगितले. जोडणी, वेग, भविष्य. चौफुलीचे नाव काढले नाही. बोलण्याच्या शेवटाला आले आणि तेवढ्यात पूर्वेकडून हिरवीचा हॉर्न ऐकू आला. झाले. सगळे गप्प. मि. क्विल यांना वाटले, आपले भाषण रंगले. त्यांनी आवाज चढवला आणि विचारले, “तर मग मंडळी, पाठिंबा असेल त्यांनी हात वर करा!” आणि नेमके त्याच वेळी इंजिन समोर आले.

महोदय, सगळे हात वर झाले.

गसचा झाला, डोलोरेसचा झाला, वेंडेलचा झाला. माझा झाला, माझ्या हातात कॉफीची किटली होती, ती घेऊन झाला. चालकाने हॉर्न दिला. मि. क्विल यांनी खिशातून फोन काढून फोटो घेतला. मग ओरडून विचारले, “आणि कुणाची हरकत?” आता चाके चौफुलीवर होती आणि वेंडेलचा रेकॉर्डर चालू होता. कोण बोलणार? लांबच लांब गाडी होती. मि. क्विल थांबले, आमच्याकडे पाहून हसले, डोनटच्या खोक्यावर थाप मारून “आभारी आहे!” असे ओठांनी म्हणाले आणि मोटारीत बसून गेले. शेवटची वाघीण पार झाल्यावर गसने विचारले, “काय म्हणत होता तो?” डोलोरेस म्हणाली, “डोनट संपवा म्हणाला असेल.”

कंपनीने जोडलेला फोटो कृपया पुन्हा पाहावा. एकाचीही नजर कॅमेऱ्याकडे नाही. सगळे मि. क्विल यांच्या डाव्या खांद्यावरून पलीकडे बघत आहेत. वेंडेलचे तर तोंडही कानाच्या मागोमाग तिकडेच वळले आहे. पाठिंबा देणारा माणूस हात असा हलवतो काय? लहान मूल बसच्या खिडकीतून हलवते तसे?

६. मि. क्विल यांना मी दोष देत नाही. परका माणूस. पण लाइल तिथेच उभा होता. हात कशासाठी वर होतात हे तो पाळण्यात असल्यापासून जाणतो. त्याचा पहिला हात मी धरून वर केला आहे. तरी कंपनीचे पत्र आले तेव्हा त्याने खाली सही करून दिली.

मी त्याला स्वयंपाकघरात उभे करून विचारले. तो म्हणाला, “मा, हे होणारच आहे. आपण नाही म्हटल्याने कुणाचं अडतंय?”

मी म्हटले, “अडत नसेल तर त्यांना आपली सही कशाला हवी होती?”

तो खाली बघू लागला. मग खरे बाहेर पडले. मि. क्विल यांनी त्याला फोन करून विचारले होते की नव्या कंपनीच्या इंजिनांना रंग कोणता द्यावा, तुम्हा जाणकारांचे मत सांगा. रेल्वेवेड्याला याहून मोठी लाच नाही. कुणी त्याला बंगला देऊ केला असता तर लाइलने दार लावले असते. रंग विचारला, आणि हा विरघळला. तीन रविवार बसून त्याने चित्र काढले. पुढे तांबडा, मागे हिरवा, मध्ये पिवळा पट्टा. माझ्यासमोर कागद पसरून म्हणाला, “बघ ना मा. हिरवा पुसला जाणार नाही. निदान मागे तरी राहील.”

चित्र चांगले आहे, हे मी नाकारत नाही. हा मुलगा लहानपणी गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने इंजिने काढायचा आणि मी चुना लावताना ती जागा सोडून लावायचे. म्हणून तर राग जास्त आहे. त्याला मी म्हटले, “अरे, तू नवरीच्या शालूचा रंग निवडत बसलास आणि तिकडे त्यांनी तिचं माहेर पाडायला घेतलं.” नंतर कंपनीने रंग आधीच ठरवल्याचे पेपरात छापून आले. करडा. सगळा करडा, पुढेमागे. लाइल दोन दिवस जेवला नाही. मी त्याला आग्रहही केला नाही.

७. मी कंपनीच्या कार्यालयाला फोन केला होता. एक बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, “आजी, आम्ही तुमच्या भावनांचा आदर करतो, पण विलीनीकरणात भावना हा मुद्दा धरता येत नाही.”

यावर माझे म्हणणे असे. पाठिंबा मोजायचा होता तेव्हा भावना धरल्या. फोटो काढला, हात मोजले, “रेल्वेप्रेमी” म्हणून आमचे नाव छापले. प्रेमी म्हणजे भावनेशिवाय दुसरे काय? त्यांच्या बाजूची असली की ती जनभावना, आणि आमच्या बाजूची असली की म्हातारीचे रडगाणे, हा न्याय आमच्या गावच्या कोंबड्यांच्या बाजारातही चालत नाही. एक तर आमचे हात प्रस्तावातून काढा, नाहीतर आमची तोंडेही त्यात घाला.

आणि मी रडत नाही, हेही नोंदवावे. गाड्या बंद झाल्या तर माझे कपडे पांढरे राहतील. पण वेंडेलला शनिवारी मी काय ऐकवू? मोकळ्या शेतावरचा वारा? तो शहाण्यासारखा म्हणतो, माझ्याकडे जुनी रेकॉर्डिंगे आहेत, मी ती ऐकेन. मी त्याला म्हटले, “गप्प बस. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकणं आणि जिवंत माणसाची वाट बघणं एक नसतं. मला विचार.” वाट बघण्यासाठी काहीतरी येणारे असावे लागते, महोदय. या परसातल्या निम्म्या खुर्च्यांकडे दुसरे काहीही येणारे नाही.

८. सबब विनंती (खरे तर मागणी, पण अर्जात विनंती म्हणतात असे लाइलने सांगितले) की:

अ) सदर फोटो व लाइलचे पत्र पाठिंब्यातून काढून टाकावे. फोटो हवा असल्यास ठेवावा, मात्र खाली “चालकाला हात करताना” असे लिहावे.

आ) चौफुली उखडण्याची ती एक ओळ प्रस्तावातून काढण्यास कंपनीला भाग पाडावे. लग्न करा, पण त्यासाठी शेजारणीची ओसरी पाडू नका.

इ) या विषयाची सुनावणी माझ्या परसात घ्यावी. शनिवार ठेवावा. आपण आणि आपल्या सदस्यांनी घडीच्या खुर्च्या आणाव्यात; माझ्याकडच्या सगळ्या ठरलेल्या आहेत आणि गस आपली कुणाला देत नाही. रुळांकडे पाठ करू नये. कॅमेऱ्यांच्या पुढे उभे राहू नये. गाडी आल्यावर गप्प राहावे व हात करावा. कॉफी मी देईन. त्यानंतरही आपणास चौफुली नको वाटली तर तसे वेंडेलला आपण स्वतः सांगावे. मी सांगणार नाही.

ई) माझ्या उन्हाळ्यातल्या अर्जाला आपले उत्तर आले नाही. कंपनीच्या रीतीने पाहता गप्प राहणारा तयार असतो. तेव्हा आपण माझ्या म्हणण्याशी सहमत आहात असे मी गावात सर्वांना सांगितले आहे, आणि चर्चच्या फलकावर तसे लावलेही आहे. ही समजूत चुकीची असेल तर आपण लेखी कळवावे. त्याबरोबर, आमच्या गप्प राहण्याचा अर्थ कंपनीने लावला तो बरोबर कसा, हेही कळवावे.

आजवर या जागेने कुणाकडे काही मागितलेले नाही. आता मागते आहे, आणि मान खाली घालून मागत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आणि वाट पाहण्यात तरबेज,

आर्डिथ व्होलमर
(सही माझीच आहे, हात थरथरतो, मत थरथरत नाही)
दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार

सोबत:
१) गस व डोलोरेस प्रुइट यांचे विरोधपत्र, दोघांच्या सह्या एकाच कागदावर. हेही प्रथमच.
२) वेंडेलचे ऑगस्टमधले रेकॉर्डिंग. यात मि. क्विल यांचे दोन्ही प्रश्न, हॉर्न व चाके ऐकू येतात. आमच्यापैकी कुणाचाही आवाज नाही.
३) वेंडेलचे परवाच्या शनिवारचे रेकॉर्डिंग. यात माझा आवाज आहे. खुलासा खाली.

ता. क. परवा शनिवारी सगळे जमले असता लाइलही आला, टोपी घालून, आणि मागे उभा राहिला. तेवढ्यात उत्तरेकडून तांबडी आली. सर्वांनी हात केला, सर्व गप्प झाले. चाके चौफुलीवर आली तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि बोलले. गाडी जात असताना या परसात कुणी तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ. गसच्या हातून थर्मासचे झाकण पडले. वेंडेल नंतर म्हणाला, “आर्डिथ, माझी गाडी बिघडवलीस.” मी म्हटले, “दुसरी येईल. येत राहावी म्हणूनच बोलले.” मग तो म्हणाला, “हेच रेकॉर्डिंग पाठव त्यांना.” चाकांच्या आवाजात काही शब्द बुडाले असल्यास, मी लाइलला जे म्हटले ते असे:

“लाइल, पुढे ये. तो पांढऱ्या बुटांचा माणूस चुकला, त्याला माफ आहे. त्याला रीत माहीत नव्हती. तुला होती. हे हात कुणासाठी वर झाले ते तुला ठाऊक होतं आणि तू ते दुसऱ्याला देऊन टाकलेस. आण ती टोपी इकडे. अक्षरं मी शिवलीत, मीच उसवणार. आजपासून तू अध्यक्ष नाहीस. मुलगा आहेस, त्याला माझा इलाज नाही, म्हणून उद्या जेवायला ये. आणि आता तोंड पाडून उभा राहू नकोस, गाडी अजून जातेय. खुर्ची घे, वेंडेलशेजारी बस, आणि गप्प राहून ऐक.”